न्यूमोनिया हटत नाही, बुरशी असू शकते का?

चिंतातुर_लेक: बाबांना न्यूमोनिया झालाय. वय ६८, मधुमेह आहे, संधिवातासाठी स्टेरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, आता दुसरं औषध चालू आहे, तरी ताप येतोच. काल खोकल्यातून रक्ताची रेघ आली. टीबीची तपासणी निगेटिव्ह. मावशी म्हणते, बुरशीचं बघायला सांगा. डॉक्टरांना विचारलेलं आवडेल का?

सूक्ष्मदर्शी: विचाराच, आणि रक्त आलंय तर आजच. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. थुंकीच्या नमुन्यासोबत येणाऱ्या कागदावर बहुतेकदा 'कल्चर' (म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) एवढंच लिहिलेलं असतं. मग ते जिवाणूंसाठीच लावलं जातं आणि दोन-तीन दिवसांत 'वाढ नाही' असा रिपोर्ट जातो. बुरशीचं कल्चर वेगळं लावावं लागतं, काही बुरश्या उगवायला चार आठवडेही घेतात. कुणी मागितलंच नाही तर ती सापडणार कशी? याचा मला फार त्रास होतो, कारण तोवर पेशंट अशी औषधं घेत असतो जी बुरशीला शिवतही नाहीत.

मधुमेह आणि स्टेरॉइड, दोन्ही डॉक्टरांना ठळकपणे सांगा. छातीचा सीटी आणि रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन (बुरशीचा अंश शोधणारी तपासणी) याबद्दल विचारा. शक्य असेल तर ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीची नळी श्वासनलिकेत घालून तपासणी) करून फुफ्फुसातून घेतलेला नमुना सगळ्यांत उपयोगी. एक मात्र लक्षात ठेवा: गॅलॅक्टोमॅनन ॲस्परजिलस नावाची बुरशी पकडतं, म्युकर नावाची नाही. मधुमेहात म्युकरची शंका घ्यावीच लागते, आणि ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. म्हणून कुठली बुरशी हे कळणं महत्त्वाचं.

जुना_खोकला: बाबांना पूर्वी टीबी झाला होता का? मला झाला होता. त्यातून फुफ्फुसात राहिलेल्या पोकळीत पुढे ॲस्परजिलस वाढली. खोकला, रक्त, वजन कमी, सगळं टीबीसारखंच, त्यामुळे टीबी उलटला असंच सगळे धरून चालले होते. शेवटी ॲस्परजिलसच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी केली तेव्हा उलगडा झाला.

चिंतातुर_लेक: टीबी कधीच नव्हता. दुपारी डॉक्टरांना भेटतेय. घरात लहान मूल आहे, त्याला लागण होईल का? आणि स्टेरॉइड आजपासून बंद करू का?

सूक्ष्मदर्शी: या बुरश्या माणसाकडून माणसाला होत नाहीत, बाळाची त्या बाबतीत काळजी नको. स्टेरॉइड मात्र स्वतःहून अजिबात थांबवू नका, ताई. इतकी वर्षं चालू असलेलं एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा की नाही, हे आजच्याच भेटीत विचारून घ्या. दुपारच्या आधी पुन्हा रक्त आलं किंवा धाप वाढली तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.