विषय: आईवडिलांच्या माहितीची शीट, आणि लाइट जाण्याची तयारी

प्रेषक: सचिव

परदेशातली सांगलीकर मंडळी, नमस्कार.

पाऊस लागलाय, कोयना धरणाच्या बातम्या सुरू झाल्यात. ज्यांचे आईवडील सांगलीत आहेत त्यांच्यासाठी एक गुगल शीट केली आहे. नाव, पत्ता, वय, औषधं, इन्व्हर्टर आहे का, किल्ली कोणाकडे असते, एवढं भरायचं. 2019 च्या पुरात फोन कुणाला लावायचा हेच आपण दोन दिवस शोधत होतो. तसं पुन्हा नको. लिंक कुणालाही उघडता येते, लॉगिन लागत नाही. रविवारपर्यंत भरा.

प्रेषक: गावभागची सभासद

दादा,

मी सध्या नदीकाठच्या गावभागात आईकडे आलेय, सांगलीतूनच लिहितेय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आई वरच्या मजल्यावर, लाइट नाही, मोबाइल बंद. मी तिकडे परदेशात रात्ररात्र जागी. तुमची कळकळ मला कळते. तरीही हात जोडून सांगते, ती शीट आजच काढा.

त्यात काय गोळा होतंय बघा. सत्तरीपुढचं माणूस, एकटं राहणारं, मुलं परदेशात, किल्ली शेजारी, आणि लाइट गेली की घरात अंधार. ही माहिती वाईट माणसाच्या हाती पडली तर त्याला आणखी काही शोधायला नको. आणि एकदा कुणी उतरवून घेतली, की आपण शीट पुसून उपयोग नाही.

हे मी घरच्या अनुभवावरून बोलतेय. पूर ओसरल्यावर मदतीची यादी करायची म्हणून आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी आधार आणि पासबुकाचे फोटो टाकले. आईनेही टाकला. नंतर कितीतरी महिने तिला फोन यायचे, आणि समोरचा पूर्ण नावाने, बँकेचं नाव घेऊन बोलायचा. पुढे शेजारच्या काकांना मेसेज आला की बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला. काकूंना रात्री मशीन लावावं लागतं, त्यामुळे काका घाबरले. त्या माणसाने सांगितलं ते ॲप त्यांनी घेतलं, आणि त्यातून मोबाइलचा पडदा त्याला दिसायला लागला. खातं रिकामं व्हायला अर्धा तास लागला नाही. पुरात अंधारात राहिलेल्या माणसाला लाइट जाण्याचीच भीती घातली होती.

या आठवड्यात मी घरात काय केलं ते लिहिते. मुलीचा म्हणजे माझा, डॉक्टरांचा आणि दोन शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. खाली 1930 लिहिला, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. पैसे गेल्याचं कळलं की पहिल्या तासाभरात तिथे फोन व्हायला हवा, आणि तो भारतातूनच करायचा असल्यामुळे नंबर आईला पाठ असलेला बरा. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. कुठे प्रत द्यायची झालीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार छापून ठेवलंय. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन घातला. ईमेलचे बॅकअप कोड कागदावर, कारण मोबाइल बंद पडला तर ओटीपी येणार कुठे? कागदपत्रांची पिशवी माळ्यावर.

प्रेषक: विश्रामबागचा सभासद

ताईंचं पटलं. इन्व्हर्टरबद्दल माझं थोडं. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा तीसच्या आसपास. पंखा बदलला तर नुसत्या पंख्यावर तीच बॅटरी साधारण दुप्पट चालते, नवी बॅटरी घेण्याआधी हे करा. डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं ते विचारा, आमच्या बाबांना आठवतच नव्हतं. गावभागात बॅटरी तळमजल्यावर असेल तर वर हलवा. मोबाइल टॉवरचाही बॅकअप काही तासांचाच असतो, म्हणून सेलवरचा रेडिओ हवाच. लाइट आली की फ्रिज लगेच लावू नका, विजेचा दाब स्थिर होऊ द्या.

प्रेषक: सचिव

शीट काढली. सगळ्यांना उघडी ठेवली ही माझी चूक झाली, माफ करा. ज्या चौघांनी भरली होती त्यांना वेगळा फोन करतो. पण ताई, माझ्या आईला शेजार राहिलेला नाही, दोन्हीकडची घरं बंद आहेत. तिनं कुणाकडे बघायचं? इन्सुलिन घेते ती, फ्रिज बंद पडला की तिचा जीव खालीवर होतो.

प्रेषक: गावभागची सभासद

दादा, वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, 30 अंशांच्या खाली. खोक्यावर काय लिहिलंय तेवढं वाचून घ्या. फ्रिज बंद असेल तोवर न फोडलेल्या बाटल्या पिशवीत घट्ट बांधून माठातल्या पाण्यात ठेवता येतात. सगळ्यांची माहिती एकत्र करण्यापेक्षा दोन-दोन घरांनी एकमेकांचं बघावं. तुमचं घर माझ्याकडे, माझं तुमच्याकडे, तिसऱ्याला कळायचं कारण नाही.

तुमच्या आईकडे, मावशींकडे, मी उद्या संध्याकाळी जाते. पत्ता इथे लिहू नका, रात्री फोनवर सांगा. आणि मी येणार हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू दे, नाहीतर त्यांनी दार उघडू नये.