५४ टक्क्यांमागचं कारण कॉलेजनं वाचायचं की नाही?

चिखलीची थोरली
परवा 'गणिताचा मास्तर' यांनी इथं लिहिलं होतं, "दहावीचा निकाल लागला की कारणांचा पूर येतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाला वाचायचा त्रास. कारणं खरी असतील, पण प्रवेश गुणांवर मागा, कारणांवर नको."

सर, 'कारणांचा पूर' हे वाचलं आणि ताटावरनं उठले. आमचं घर प्रयाग चिखलीत. पुराचा अर्थ आम्हाला कुणी सांगायला नको.

माझा धाकटा भाऊ ऑगस्ट २०१९ ला चौथीत होता. जनावरं सोडून माणसं बाहेर काढली, त्यात आमच्या दोन म्हशी गेल्या. परत आलो तेव्हा त्याच्या वह्या मी अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. निळी शाई पानभर पसरलेली. पाचवी फोनवर गेली, घरात फोन एक आणि शिकणारी दोघं. सहावीला जुलै २०२१ चा पूर. नववीत असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पहाटे साडेचारला धारा काढून डेअरीत दूध घालायचं काम या पोराकडं आलं.

हे सगळं एकीकडं. दुसरीकडं, तो ३६ चे ६३ लिहितो. 'पर्वत'चा रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा ते त्याला आजही नक्की सांगता येत नाही. धडा वाचायला दिला तर बोट ओळीवर ठेवून तिसऱ्या शब्दाला घाम फुटतो. तोच धडा मी वाचून दाखवला की सगळी उत्तरं तोंडी देतो, माझ्याआधी. शाळेत नऊ वर्षं त्याला 'लक्ष देत नाही' एवढंच ऐकायला मिळालं. अध्ययन अक्षमतेचा (म्हणजे डिस्लेक्सियाचा) दाखला हातात आला यंदाच्या जूनमध्ये. बोर्डाचे पेपर मार्चमध्येच संपले होते. दाखला आधी असता तर ताशी वीस मिनिटं जादा मिळाली असती, तो सांगेल ते लिहून देणारा लेखनिक मिळाला असता. म्हणजे जे गुण तुम्ही मागताय, ते त्याच्या हक्काचा वेळ न देता काढलेले आहेत. ५४.२० टक्के. त्याला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल करायचंय. विहिरीची मोटार जळाली तर वायंडिंग उलगडून पुन्हा भरतो, पंधराव्या वर्षी.

अर्जात हे सांगायला एक ओळसुद्धा नाही. ती असावी, एवढंच माझं म्हणणं.

गणिताचा मास्तर
ताई, माझा शब्द लागला असेल तर तो शब्द मागं घेतो. मुद्दा मागं घेत नाही.

एकवीस वर्षं शिकवतोय. अर्जात ओळ ठेवली की ती भरणार कोण? तुमच्या भावासारखं पोर भरणार नाही, त्याला लिहायलाच जड जातं. भरणार तो, ज्याच्या बापाकडं लिहून देणारा माणूस आहे. वाचणार कोण? कमिटी. आणि कमिटीत कोण बसतं ते कोल्हापुरात मी सांगायची गरज नाही. आज यादी लागते, गुण समोर असतात, कुणाला फोन लावून काही होत नाही. व्यवस्थापन कोट्याच्या बाहेर गरिबाच्या पोराला जे काही मिळतं ते या कोरड्या आकड्यामुळं मिळतं.

शिरोलीचा मोल्डर
सरांशी शंभर टक्के सहमत. मी फौंड्रीत रात्रपाळी करून बारावी दिली. बाप नव्हता. सकाळी सातला सुटायचो, अंगाला काळी वाळू, तसाच परीक्षेला. ७१ टक्के पडले. मी कुणाला सांगितलं नाही की भट्टीपुढं उभा राहून आलोय. अडचण कुणाला नसते? प्रत्येकाची मोजायला बसलात तर कुणाचा बाप मोठा आजारी होता यावर यादी लागेल.

रंकाळ्याची आई
दादा, तुमच्या कष्टाला हात जोडते. पण तुम्हाला अक्षरं दिसत होती. वाळू झटकली की पेपर वाचता येत होता. माझ्या मुलीला तिचा त्रास झटकता येत नाही. अडचण आणि अक्षमता एका तराजूत घालू नका.

मुलगी इंग्रजी माध्यमात, शाळेत समुपदेशक होत्या, त्यांनी दुसरीतच सांगितलं. तपासणीला पुण्याला तीन फेऱ्या, मग उपचारात्मक शिकवणी, आठवड्याला दोनदा. दहावीला जादा वेळ, तिसऱ्या भाषेतनं सूट. ७९ टक्के मिळाले. तीच मुलगी सवलतीशिवाय बसली असती तर? चिखलीच्या ताईंच्या भावाएवढेच पडले असते, हे मी आई म्हणून सांगते.

शिरोलीचा मोल्डर
बघा, तुम्हीच बोललात. शहरातल्या पोराला डिस्लेक्सिया आणि गावातल्या पोराला 'ढ'. पैसेवाल्यांच्या पोरांना सवलती, आमच्या पोरांना छडी. आणि तो लेखनिक! गेल्या साली आमच्या गल्लीतल्या एका मुलाला लेखनिक दिला. पोरगा वर्गात कधी दिसला नाही आणि भाषेत ८२. कुणी लिहिलं ते देवाला ठाऊक.

रंकाळ्याची आई
माझ्या मुलीचे गुण चोरीचे आहेत असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

शिरोलीचा मोल्डर
तुमच्या मुलीला म्हटलं नाही. पद्धतीला म्हटलं. आणि जरा शांतपणे घ्या.

रंकाळ्याची आई
शांतपणे? दुसरीतली मुलगी रात्री अंथरुणात 'मी वेडी आहे का' विचारते तेव्हा शांत राहून दाखवा. सात वर्षं हेच ऐकतेय. सवलत नाही, लबाडी. दाखला नाही, विकत आणलेला कागद. २०२४ ला दिव्यांग दाखल्यावरनं त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं प्रकरण गाजलं तेव्हापासून तर दाखला दाखवायचीसुद्धा लाज वाटायला लागलीय. एकीच्या वादात हजार मुलं कशाला भरडता?

नववीतला लेखनिक
मी लेखनिक होतो. नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा, म्हणून नववीतला मी दहावीच्या मुलाला. वेगळी खोली, समोर एक पर्यवेक्षक, पूर्ण वेळ.

भूमितीचा पेपर. तो डोळे मिटून सांगायचा, "एबी रेघ काढ, सहा सेंटिमीटर. बी वर काटकोन. आता वर चार." मी घाईत काटकोन ए वर काढला. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "खोड, बी वर." डोक्यात आकृती इतकी स्वच्छ होती त्याच्या. हातात पेन्सिल दिली की तीच आकृती वाकडी.

आणि हेही सांगतो. इतिहासाच्या एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, त्याला येत नव्हतं. तो गप्प बसला. मी पेन टेकवून तीन-चार मिनिटं बसलो. लिहिलं नाही, ते पर्यवेक्षक बघत होते म्हणून नव्हे, त्याच्या तोंडाकडं बघून. ती जागा कोरीच राहिली. तुम्ही म्हणता तशी लबाडी होत असेल कुठंतरी, पण सगळ्या खोल्यांतनं तेच होतं असं म्हणू नका. मी एका खोलीत होतो.

शिरोलीचा मोल्डर
तू प्रामाणिक होतास, मान्य. पण सगळे तुझ्यासारखे नसतात.

नववीतला लेखनिक
सगळे मोल्डरही तुमच्यासारखे नसतात. म्हणून फौंड्री बंद करायची का?

गणिताचा मास्तर
लेखनिकावर घसरलोय आपण. पण निघालंच आहे तर माझंही ऐका. लेखनिक शोधणार कोण? शाळा. खालच्या वर्गातला, अक्षर बरं असलेला, पालक सोडतील असा मुलगा. त्याच्या शाळेची परवानगी, त्याचा फोटो, अर्ज, शिक्के. आमच्या शाळेत दोन कारकून होते, आता एकही नाही. मतदार यादीचं काम आमच्याकडं, पोषण आहाराच्या नोंदी आमच्याकडं, ऑनलाइन माहिती रोज नवी. २०२३ पर्यंत तर आठवीपर्यंत पोरगं वर ढकलायचं आणि नववीत आल्यावर कळायचं की याला वाचता येत नाही. वर्गात ६४ मुलं. कोण आळशी आणि कोणाला डिस्लेक्सिया हे ओळखायचं प्रशिक्षण मला एकदा मिळालं, एक दिवसाचं, आणि त्यातही निम्मा वेळ उद्घाटनात गेला. दोष मास्तरच्या माथी मारायचा असेल तर मारा.

चिखलीची थोरली
सर, दोष द्यायला आले नव्हते. पण तुम्ही आता जे लिहिलंत तेच माझं म्हणणं आहे. ६४ मुलांत माझा भाऊ तुम्हाला दिसला नाही. शाळेला दिसला नाही. म्हणून दाखला उशिरा आला, म्हणून गुण कमी पडले. आणि आता त्याच गुणांवर बोट ठेवून तुम्ही त्याला दारातनं परत पाठवणार. न दिसण्याचा दंड त्यानंच भरायचा?

पेठेतला वकील
कायद्याचं सांगतो, कारण निम्मा वाद माहिती नसल्यामुळं चाललाय. १९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ती आली. कलम ३२ प्रमाणं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, वयात पाच वर्षांची सवलत. अट एकच, दाखल्यावर अक्षमता ४० टक्के किंवा जास्त हवी. परीक्षेतल्या लेखनिकाला मात्र ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलंय. ताई, तुमच्या भावाच्या दाखल्यावर टक्के किती?

चिखलीची थोरली
४० च्या वर आहेत.

पेठेतला वकील
मग पॉलिटेक्निकचा अर्ज भरताना दिव्यांग रकाना भरलात का?

चिखलीची थोरली
नाही. नेट कॅफेवाल्यानं विचारलं, 'हात-पाय ठीक आहेत ना?' मी हो म्हणाले. त्यानं 'नाही'वर टिक मारली.

पेठेतला वकील
उद्याच जाऊन दुरुस्ती करून घ्या. मुदत असेपर्यंत होते. तो रकाना म्हणजेच तुम्ही मागताय ती ओळ आहे, फक्त ती पुराबद्दल विचारत नाही.

शिरोलीचा मोल्डर
म्हणजे शेवटी जागा राखीवच. मग एवढा वाद कशाला घातला?

चिखलीची थोरली
दादा, मला जागा हवीय, ते लपवत नाही. पण ज्याच्या दाखल्यावर ३५ टक्के येतील त्याचं काय? ज्याला अक्षमता नाही, नुसता पूर आहे, बापाचा झटका आहे, त्याचं काय? तुमचे ७१ आले. भट्टी नसती तर ८५ आले असते. ते १४ गुण तुमचे नव्हते का? तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत याचा तुम्हाला अभिमान आहे. मला वाटतं कुणीतरी विचारायला हवं होतं.

शिरोलीचा मोल्डर
(उशिरा उत्तर देतोय, पाळी होती.) ८५ आले असते का माहीत नाही. डिप्लोमा करायचा होता, तो राहिला, हे खरं. पण मी अजूनही म्हणतो, कारण लिहायला जागा दिली की खोटं लिहिणारे पुढं जातात.

गणिताचा मास्तर
इथं मोल्डर बरोबर आहेत. म्हणून ताई, पत्रबित्र नको. कमिटीनं वाचायचं असेल तर फक्त तारीख आणि शिक्का असलेला कागद. तलाठ्याचा पंचनामा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, अध्ययन अक्षमतेचा दाखला. त्यावर ठरलेले गुण, आधी जाहीर केलेले, यादीत सगळ्यांना दिसतील असे. कुणाच्या मनावर काही नको. एवढं असेल तर मी विरोध करणार नाही. पाठिंबा देतो असंही लिहून घेऊ नका.

चिखलीची थोरली
सर, पत्र माझ्याही डोक्यात नव्हतं. पंचनामे दोन्ही वर्षांचे आहेत आमच्याकडं, म्हशींसकट. या अटी मला चालतील.

रंकाळ्याची आई
आमच्याकडं पंचनामा नाही. रंकाळ्यावर पाणी येत नाही. पण मुलगी अठराची झाली की दाखला पुन्हा करायला लागतो, आठ, चौदा आणि अठराला. ताई, भावाचा अठराचा विसरू नका. आणि श्रेणीसुधारला पुन्हा बसवायचा विचार असेल तर जादा वेळ आणि लेखनिकाचा अर्ज शाळेकडनं परीक्षेच्या खूप आधी जावा लागतो, आदल्या आठवड्यात कुणी ऐकून घेत नाही.

नववीतला लेखनिक
लेखनिक लागला तर मला आता चालणार नाही, मी बीएस्सीला आहे. पण माझा मामेभाऊ आठवीत आहे, कसबा बावड्यात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. विचारून ठेवतो.

चिखलीची थोरली
विचारा. आणि त्याला आधीच सांगा, आमचा भाऊ सांगताना मध्येच थांबतो. विसरलेला नसतो, शब्द शोधत असतो. त्याला घाई करू नका म्हणावं.

गणिताचा मास्तर
आज शाळेत आठवीच्या दोन मुली वाचायला उभ्या केल्या. एकीनं बोट ओळीवर ठेवलं होतं. तिच्या आईला सोमवारी बोलावलंय. दाखल्यासाठी काय काय कागद न्यावे लागतात, ताई, तेवढं सविस्तर लिहा.

चिखलीची थोरली
सर, आधार, चार फोटो, मागच्या तीन वर्षांची गुणपत्रकं आणि शाळेचं पत्र, त्यावर मुख्याध्यापकांची सही. आणि तिची एखादी वही न्या. शुद्धलेखनाची, लाल शेऱ्यांसकट. आमच्याकडच्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ तीच चाळली होती.