चर्चा: वस्तीतला रस्ता वाहनांचा की रहिवाशांचा?

वाटसरू (चर्चेचा प्रस्ताव)
'वाहने सावकाश चालवा' ही पाटी वाचून कोणी वेग कमी करत असेल, असे मला वाटत नाही. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की चालकाचा पाय आपसूक दाबला जातो. म्हणून वस्तीतल्या रहदारीला आवर घालायचा, तर रस्त्याची घडणच बदलावी लागेल. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस नेमके हेच करून पाहिले गेले. पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आणून, मध्ये झाडे, बाक आणि वाहने उभी करण्याच्या जागा अशा मांडल्या, की वाहनाला वळणे घेतच जावे लागे. अशा रस्त्याला तिथे 'वूनर्फ' म्हणतात (आपला 'अंगण' हा शब्द त्याला फार जवळचा आहे), आणि १९७६ साली त्याला कायद्यात स्थान मिळाले. तिथे पादचारी रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर चालू शकतो, मुले खेळू शकतात आणि वाहनाने चालण्याच्या गतीने जायचे, असा मूळ नियम होता.

याचा शेजारधर्माशीही संबंध आहे. नगररचनातज्ज्ञ डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी केली होती. त्यांवरून रोज सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० वाहने जात. सर्वांत शांत रस्त्यावरील रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता.

सरळरेषा
पाहणी तीनच रस्त्यांची, आणि त्यातही शांत रस्त्यावर मुलेबाळे असलेली कुटुंबे अधिक, तर गजबजलेल्या रस्त्यावर बहुतांश भाडेकरू. मैत्री रहदारीने आटली, की ज्यांना शक्य होते ते आधीच निघून गेले, हे त्यावरून कसे ठरवणार? माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. एका गल्लीतून हटवलेली वाहने नाहीशी होत नाहीत. त्यांतली बरीचशी कडेच्या मोठ्या रस्त्यावर जातात आणि त्या रस्त्यावरही माणसेच राहतात. बार्सिलोनातील 'सुपरब्लॉक'च्या मूळ कल्पनेत इमारतींचे नऊ चौकोनी गट एकत्र करून, सुमारे ४०० मीटर बाजूच्या चौरसातून आरपार जाणारी रहदारी कडेने वळवायची असते. आतल्यांना अंगण मिळते, पण कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येते? शिवाय अग्निशमन दलाची गाडी वेग रोखायला घातलेल्या प्रत्येक उंचवट्यावर मंदावते, तो वेळ कोणाच्या खात्यात मांडायचा?

पांढरी काठी
मी दृष्टिहीन आहे. पदपथाची कड माझ्या काठीला लागते, त्यावरून मला रस्ता कुठे सुरू झाला ते कळते. ती कड काढून टाकून 'चालक आणि पादचारी नजरेने समजून घेतील' असे म्हणणे म्हणजे मला हिशेबातून वगळणे होय. ब्रिटनच्या सरकारने २०१८ साली एकाच पातळीवरच्या सामायिक रस्त्यांच्या योजना थांबवण्यास सांगितले, ते याच कारणाने.

वाटसरू
'पांढरी काठी' यांचा मुद्दा मला मान्य आहे. ब्रिटनने ती सूचना कमी रहदारीच्या वस्तीतील रस्त्यांना लागू नसल्याचे पुढे स्पष्ट केले होते, पण तेवढ्यावर मी सुटत नाही. कड ठेवूनही रस्ता अरुंद आणि वळणाचा करता येतो. ती काढायचीच असेल, तर काठीला व पायाला जाणवेल अशी खडबडीत पट्टी हवीच.

उंचवट्यांबाबत सांगायचे, तर अग्निशमन गाडीसारख्या रुंद गाडीची चाके दोन्ही बाजूंनी निघून जातील अशा मापाचे तुटक उंचवटे बऱ्याच ठिकाणी वापरतात. मंदावण्याचा विचार करताना दुसरी बाजूही पाहावी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनात ३० किलोमीटरच्या तुलनेत पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते. ती धडकेत माणसाच्या अंगावर येते.

सरळरेषा
वेगाचे गणित मी नाकारतच नव्हतो. कडेच्या रस्त्याचे उत्तर आपण टाळलेत.

वाटसरू
टाळले, कारण माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ज्या रस्त्यावर रहदारी वळणार तिथली वाहने, आवाज आणि धूर बदलाआधीच मोजावेत, आणि आतल्या रहिवाशांइतकाच तिथल्या रहिवाशांनाही योजनेवर मताचा अधिकार असावा, एवढे मी मान्य करतो. हे जमणार नसेल, तर आतली गल्लीही तूर्त आहे तशीच राहू द्यावी.