मदत हवी आहे : प्लाझ्मा पेशींच्या अर्बुदामुळे लिम्फोसाइटवरील प्रतिपिंड-ग्राही खरोखर बदलतात का?

नमस्कार. प्रतिकारशास्त्राचा अभ्यास करताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

एका बी लिम्फोसाइटवर (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीवर) सहसा एकाच प्रकारचे प्रतिपिंड ग्राही म्हणून, म्हणजे बाहेरचा रेणू पकडणारे प्रथिन म्हणून, असते, कारण त्या पेशीत प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळीचे (त्याच्या दोन घटक प्रथिनांचे) प्रत्येकी एकच जनुक व्यक्त होते. असे असूनही प्लाझ्मासायटोमा (प्रतिपिंड स्रवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचे अर्बुद, म्हणजे गाठ) झालेल्या उंदरांच्या रक्तातील अनेक लिम्फोसाइटवर अर्बुदाच्या प्रतिपिंडाचा इडिओटाइप (त्या प्रतिपिंडाची खास ओळखखूण) आढळतो. एमओपीसी-३१५ हे असेच एक अर्बुद लॅम्डा प्रकारच्या हलक्या साखळीचे आयजीए (प्रतिपिंडांचा एक वर्ग) स्रवते. उंदराच्या प्रतिपिंडांत लॅम्डा जेमतेम ५ टक्के असल्यामुळे तेथे असा बदल लगेच नजरेत भरावा. १९७०च्या दशकातील काही प्रयोगांत तर अर्बुदातून काढलेले आरएनए निरोगी लिम्फोसाइटना दिल्यावरही असाच बदल नोंदवला गेला.

हे आरएनएचे स्पष्टीकरण मला पटत नाही. प्लाझ्मा पेशीतील जड साखळीचा संदेश (आरएनए) मुख्यतः स्रवणाऱ्या रूपाचा असतो, त्यात पेशीपटलात रुतणारा भाग नसतो. मग त्यापासून बनलेले प्रथिन पृष्ठभागावर टिकेल कसे? रक्तरसात मुबलक असलेले प्रतिपिंड एफसी ग्राहींमार्फत (प्रतिपिंडाचा शेपटीकडचा एफसी भाग पकडणाऱ्या प्रथिनांमार्फत) पेशींना नुसते चिकटले असावे, ही शक्यता मला अधिक सरळ वाटते. तिसरी शक्यता अशी की त्या पेशी अर्बुदाच्याच वंशावळीतल्या असाव्यात.

ट्रिप्सिनने (प्रथिने तोडणाऱ्या विकराने) पृष्ठभाग साफ करून, अर्बुदाचे प्रतिपिंड नसलेल्या माध्यमात पेशी वाढवल्या आणि इडिओटाइप पुन्हा उगवला, तर तो पेशीनेच बनवला असे म्हणता येईल. पण पेशी मुळात अर्बुदाची होती की बाहेरच्या आरएनएने बदललेली, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद : आधी इडिओटाइप शोधण्यासाठी पेशी रंगवण्याच्या प्रतिपिंडाचा एफसी भाग काढून टाका, नाहीतर तेच एफसी ग्राहींना चिकटून फसवेल. निरोगी लिम्फोसाइट रुग्ण उंदराच्या रक्तरसात ठेवून त्यांच्यावर इडिओटाइप चढतो का, तेही पाहा. त्यानंतर इडिओटाइप दिसणाऱ्या पेशी एकेक करून वेगळ्या काढा आणि त्यांच्या जड साखळीच्या जनुकाची पुनर्रचना (बी पेशी डीएनएचे तुकडे जोडून घडवते ती तिची स्वतःची जुळणी) डीएनएमध्येच तपासा. अर्बुदाशी जुळणारा क्रम मिळाला तर पेशी त्याच वंशावळीतली. पुनर्रचना वेगळी असेल तर पृष्ठभागावरचे प्रतिपिंड बाहेरून आलेले, किंवा आपला संशय बाजूला ठेवला तर, बाहेरच्या आरएनएपासून बनलेले. हा क्रम आरएनएवरून वाचू नका, कारण बाहेरून शिरलेले आरएनएही तुम्हाला अर्बुदाचाच क्रम दाखवेल.