मतं कमी पडली तर टँकर बंद म्हणतेत, तक्रार कुठं करायची?

जिंतूरकर: विधानसभेच्या प्रचारात एका उमेदवाराची माणसं गावात असं सांगून गेली आन अंगणवाडीच्या ताईला कामावरून काढायची धमकी देऊन रॅलीत नेलं, बिचारी दोन दिवस रडत होती, लई संताप येतोय.

लातूरची लेक: निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर नाव न देता तक्रार होते, पण व्हिडिओ तिथंच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही.

वकीलभाऊ: मतासाठी धमकी म्हणजे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३, भ्रष्ट आचरण. असा उमेदवार निवडून आला तरी मतदारसंघातला कोणताही मतदार ४५ दिवसांत हायकोर्टात जाऊ शकतो. तारीख, वेळ, साक्षीदार आजच लिहून ठेवा.

जिंतूरकर: ताई तयार हाय भाऊ, पण एकटी नको, आम्ही चारजण संगं सही करतोत.