ज्वारीला सोंडे, नाना गोळ्या टाकायच्या म्हणतायत (तातडीचं)

प्रेषक: औसेकर ताई (सध्या गावी)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, नेट येऊन-जाऊन आहे. कोठीतल्या ज्वारीला सोंडे (धान्य पोखरणारे किडे) लागलेत. नुसते वरवर नाहीत, हात आत घातला की मुठीत येतात आणि ज्वारी आतून गरम लागतेय. मालदांडीच आहे, रब्बीची, सहा पोती. बाहेर झड लागलीय त्यामुळे ऊन दाखवायची सोयच नाही. नानांनी दुकानातून कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या आणून ठेवल्यात, चिंधीत बांधून कोठीत सोडायच्या म्हणतात. कोठी माजघरात, आणि आई-नाना दोघं झोपतात पण माजघरातच. नको म्हटलं की "दरसाली टाकलालो, काय झालं आजवर?" यावर विषय बंद. मला रविवारी रात्री निघायचंय, मी गेले की ते टाकणार. गोळ्यांशिवाय काय करता येईल आणि नानांना पटेल असं कसं सांगायचं ते लिहा. आपल्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळाच्या तुरीच्या वेळी परभणीवाल्या काकांनी लिहिलं होतं ते मेल सापडत नाहीये.

प्रेषक: उदगीरच्या वहिनी

अगं एरंडेल लाव की. आमच्याकडे तूर, हरभरा, गहू सगळ्याला हाताला एरंडेल घेऊन चोळून ठेवतात, वर्ष निघतं. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थरावर थर घालायचा, ओला अजिबात नाही. आणि नवीन धान्य भरताना जुनं कोठीत तसंच ठेवून वरून ओतलं असेल तर कीड तिथूनच आली, आईंना विचार.

प्रेषक: कळंबकर

सगळे घाबरवतायत पण सरकारी गोदामात पण हीच गोळी वापरतात, तिथलंच धान्य लोक खातात. गोळ्या नको असतील तर बोरिक पावडर लावा, माझी आई तांदळाला लावायची.

प्रेषक: परभणीवाले काका

ताई, आधी गोळ्यांचं. पाकीट फोडलं नसेल तर तसंच दुकानदाराला परत कर, फोडलं असेल तर घराबाहेर, कोरड्या जागी, कुलपात. नालीत, पाण्यात, उकिरड्यावर टाकू नका, ओल लागली की तिथंच गॅस सुटतो. गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, आपल्याकडे सगळे सल्फास म्हणतात. हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फिन निघतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. आणि तुमच्याकडे आत्ता झड आहे म्हणजे हवेत ओल भरपूर.

कळंबकर, गोदामात वापरतात हे खरं. पण तिथे पोत्यांच्या थप्पीवर जाड ताडपत्री टाकून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात, माणसं बाहेर काढतात, ठरलेले दिवस झाल्यावर गोदाम उघडून वारा खेळू देतात, मगच आत जातात. माजघरातली पत्र्याची कोठी तशी बंद होत नाही, झाकणाच्या फटीतून गॅस खोलीत येतो. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ साली पूर्ण बंदी आली, आणि या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांनीच वापरायच्या असा नियम आहे. घरगुती वापरासाठी ही वस्तू नाहीच. नानांना सांगा, आजवर खिडकी उघडी राहिली असेल, वारा असेल. झडीत दार-खिडक्या लावून झोपतात.

आता एरंडेल आणि बोरिक. वहिनी, तुरीला एरंडेल बरोबर, ज्वारीला नाही. तांदूळ, डाळ आपण धुऊन घेतो. ज्वारी न धुता सरळ गिरणीत जाते, तिला जे लावाल ते भाकरीत येणार. तीच गोष्ट बोरिकची आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या पारद टिकडीची. पारद म्हणजे पारा, तो खायच्या धान्यात कशाला?

प्रेषक: नांदेडकर (नर्सिंगवाली)

काकांच्या मेलला जोडून. फॉस्फिनवर उतारा नाही, हॉस्पिटलमध्ये फक्त हृदय आणि श्वास सांभाळत राहतात. सुरुवातीला मळमळ, उलट्या, छातीत जड, डोकं दुखणं, आणि घरचे समजतात जेवण बाधलं, लिंबूपाणी देऊन पुन्हा त्याच खोलीत झोपवतात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण वेळ तिथेच जातो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर आधी सगळ्यांनी उघड्यावर यायचं, आणि दवाखान्यात "खोलीत धान्याच्या गोळ्या होत्या" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. वास नाही म्हणजे गॅस नाही असंही नसतं. ताई, आईंना हे वेगळं बसवून सांग, नाना ऐकोत न ऐकोत.

प्रेषक: मंडळ खरेदी समिती

ताई गावी आहेत तर मालदांडी पाच-दहा किलो आणता येईल का अशी मला तीन-चार जणांनी वेगळी मेल केलीय. कृपया नको. किडलेलीच काय, चांगलीही नको. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून खापरा भुंगेऱ्यासाठी (साठवलेलं धान्य खाणारी कीड) नियम कडक केलेत, तांदूळ, हरभरा, मूग, उडीद, धने, वाळल्या मिरच्या प्रवाशांच्या सामानात चालत नाहीत. खापऱ्याची अळी खायला काही नसतानाही फटीत बराच काळ जिवंत राहते, म्हणून इतकी भीती. ज्वारीचं पीठ समिती इथल्या दुकानातूनच घेते आणि घेत राहील, परस्पर ऑर्डरी नकोत.

प्रेषक: कळंबकर

समितीने मागच्या खेपेला घेतलेल्या पिठात जाळी होती त्याचं काय ठरलं?

प्रेषक: मंडळ खरेदी समिती

पीठ आल्याबरोबर चार दिवस फ्रीजरला ठेवा असं तेव्हाच कळवलं होतं, उणे १८ वर अंडी पण मरतात. आपण ते हॉलच्या कपाटात ठेवायला सांगितलंत.

प्रेषक: अंबाजोगाईचे मामा

पिठाचं बाजूला ठेवा. ताई, नानांना पेवाची आठवण द्या. आमच्या वाड्यात पेव होतं, जमिनीत खोल, आतून कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतली हवा संपली की कीड आपोआप मरायची, औषध काही नाही. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे, मग कंदील आत सोडून बघायचे, कंदील विझला तर कुणाला उतरू द्यायचे नाहीत. नानांच्या वयाच्या माणसाला हे सगळं ठाऊक असणार. आता त्याच कामाच्या हवाबंद पिशव्या मिळतात, आत जाड प्लास्टिकचे दोन थर आणि बाहेर पोतं. किड्यांनीच आतला प्राणवायू संपवायचा आणि मरायचं. अट एकच, ज्वारी कोरडी पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.

प्रेषक: परभणीवाले काका

मामांचं बरोबर. कोरडी आहे का बघायचं तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर ज्वारी आणि चमचाभर सुकं मीठ घालून हलव. मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त आहे, भरू नको. नाही चिकटलं तर आधी बारीक चाळणीनं चाळ, घराबाहेर पडवीत, खाली पडलेले सोंडे साबणाच्या पाण्यात. चाळून फक्त मोठे सोंडे जातात. अंडी-अळ्या दाण्याच्या पोटात असतात आणि अशा हवेत महिन्याभरात नवे बाहेर पडतात. म्हणून चाळल्या चाळल्या हवाबंद करायचं, आणि रिकाम्या कोठीचे कोपरे, पत्र्याच्या घड्या ब्रशने खरवडून पुसायच्या.

प्रेषक: औसेकर ताई (सध्या गावी)

मीठ चिकटलं नाही, चार पोत्यांतलं तरी. दोन पोती भिंतीला टेकून होती त्यांना ओल आहे, ती पंख्याखाली पसरलीत. पेवाचं नाव काढल्यावर नाना स्वतःच बोलायला लागले, त्यांच्या चुलत्यांच्या पेवाचं सगळं सांगितलं, आणि म्हणाले "मग पिशव्या बघू की." गोळ्यांचं पाकीट बंदच होतं, दुकानदार घ्यायला कुरकुरत होता पण घेतलं. पिशव्या लातुरात मिळाल्या. ओली दोन पोती वाळेपर्यंत मी थांबू शकत नाही, शेजारच्या पुतण्याला मिठाची बरणी दाखवून ठेवलीय. वहिनी, तूर पण पाच पायल्या आहे, अख्खी. भुंगे अजून नाहीत.

प्रेषक: उदगीरच्या वहिनी

अख्खी ठेवू नको, डाळ करून घे. भुंगे अख्ख्या दाण्यावर अंडी घालतात, भरडलेल्या डाळीत त्यांचा तितका जम बसत नाही. शेतातूनच शेंगेबरोबर अंडी येतात, आत्ता दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही. भरडून आणलीस की एरंडेलाचा हात फिरव, आणि डाळ नीट वाळलेली असेल तरच डबा बंद कर.