'रद्द करा' दाबल्यावर नेमके काय रद्द होते?

काटापावती (जळगाव) : जिनिंगच्या (कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरचा प्रोग्रॅम मराठीत आणतोय. लॉग आऊट करताना चौकट येते : 'अपूर्ण पावत्या रद्द होतील. बाहेर पडायचे?' खाली 'ठीक' आणि 'रद्द करा'. भरल्या गाडीचे वजन झालेले, रिकामीचे बाकी. पावत्या रद्द व्हायला नकोत म्हणून माणूस 'ठीक' दाबतो आणि नेमक्या त्याच जातात. 'रद्द'ला शब्द सुचवा.

तापीकाठ : 'थांबा'.

अमळनेरकर : 'थांबा' म्हणजे वाट बघा, आणि थांबवा असाही अर्थ लागतो. 'राहू द्या' घ्या, कोणालाही कळतं. 'ठीक' तर काढाच. बटणावर कृती लिहा : 'पावत्या सोडून लॉग आऊट करा'. वर आकडा द्या : '२ गाड्यांचे रिकामे वजन बाकी'. एंटर दाबला तर 'राहू द्या' लागू व्हावं. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपच्या चौकटीत ६० सेकंदांनी आपोआप लॉग आऊट होतं. काट्यावर तसलं काही ठेवू नका, ऑपरेटर गाडीपाशी गेलेला असतो.

सातपुडा : मराठीकरण म्हणता आणि 'लॉग आऊट' तसंच? 'खाते बंद करा' लिहा.

अमळनेरकर : भाऊ, खाते बंद म्हटलं की बँकेतलं खातं मोडल्यासारखं वाटतं. फार तर 'खात्यातून बाहेर पडा'. पण नुसतं 'बाहेर पडा' नको, प्रोग्रॅम बंद करायलाही तेच लिहितात.

सातपुडा : बरं. मग रीस्टार्टला तरी 'बंद करून पुन्हा सुरू करा' चालेल ना? शुद्ध मराठी आहे.

बोरीकाठ : अर्थच बदलतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाऊन'मध्ये सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. 'रीस्टार्ट'मध्ये सगळं नव्याने चढतं. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, अडकलाय आणि माणसाने तुमचं वाक्य वाचून शट डाऊन करून बटण दाबलं, तर ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. 'रीस्टार्ट' सगळ्यांना कळतो, तोच ठेवा.

सातपुडा : कळतो म्हणून ठेवायचा, तर मराठी शब्द रुळणार कधी? 'बंद' हासुद्धा फारसीच. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात.

तापीकाठ : बांगडीही वाढवतात. 'फुटली' म्हणायचं टाळायला. अशुभ टाळण्याचा तो शब्द, कॉम्प्युटरला कशाला?

बोरीकाठ : आणि पडद्यावर 'वाढवा' दिसलं की माणूस आवाज शोधेल.

सातपुडा : नारळही वाढवतातच. तिथे कोणी आवाज शोधत नाही.

काटापावती : 'राहू द्या' बटणात बसतंय. 'पावत्या सोडून लॉग आऊट करा' मात्र दोन ओळींत जातंय. त्याला आखूड काही?

तापीकाठ : नारळाचं वेगळं हो, तिथे फोडायचाच असतो...